भागीरथीच्या दाराची मूठ

दाराच्या मुठीवरून कुणी इतकं चिडतं का, असं मला लोक विचारतात. चिडतं. मी चिडलेय आणि अजून राग उतरलेला नाही.

आमच्या समोरच्या घरात भागीरथी राहते. लग्न होऊन ती अमळनेरकडून इकडे शहरात, डिंडोलीत आली ती थेट एका खोलीत. नवरा, दगा त्याचं नाव, कापडाच्या लूमवर दिवसपाळीला, दीर रातपाळीला. नवरा डबा घेऊन बाहेर पडला की दीर झोपायला यायचा, दीर उठून गेला की नवरा यायचा. खोली कधी रिकामी म्हणून नाही. आंघोळ दोरीवर टाकलेल्या लुगड्याआड, तीही घाईघाईत. डोक्यावरचा पदर खाली घेऊन घडीभर बसावं, एवढी जागा या बाईला तिथे कधी मिळाली नाही.

नवरा आणि दीर दोघंही वारल्यावर सरकारी योजनेतलं घर लागलं, तिच्याच नावावर. एक खोली मुलगा हेमराज आणि सून नूतनची, एक भागीरथीची. तिच्या दाराला गोल मूठ, बटण दाबलं की आतून बंद. दुपारची जेवणं आटोपली की ती बटण दाबायची. मी एकदा विचारलं, "आत करतेस तरी काय गं?"

"कायबी नही, शोभाबाई. पाय लांब करीसन बठस," म्हणाली. सांगताना लाजली होती.

तेवढंही खुपलं. सुनेकडचे पाहुणे आले, त्यांनी भरदिवसा बंद दार पाहिलं आणि गावी जाऊन सांगितलं की मायलेकांत बोलणं नाही. झालं, हेमराजची इज्जत गेली. सुट्टीच्या दिवशी त्याने मुठीखालच्या बारीक भोकात सुई दाबून मूठ ओढून काढली, मागचा पत्रा काढला, स्क्रू काढले. दाराला आरपार भोक पडलं. भागीरथी बाजूला उभी राहून बघत होती. अरे, घर तिच्या नावाचं, खोली तिची, एका शब्दाने विचारशील की नाही? मी बोलले, तर मलाच म्हणतो, "मावशी, घरच्या माणसांपासून काय लपवायचंय तिला?" लपवायचंय म्हणे. मग तुझ्या खोलीची मूठ का ठेवलीस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. भागीरथीने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

तिने भोकात चिंधी कोंबली. नातवंडं ती ओढून काढत आणि आत डोळा लावत. दार वाऱ्यानेही उघडायचं. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून, पदर घट्ट ओढून पडायला लागली. माझा जीव तुटायचा.

परवा हेमराज-नूतन पोरांना घेऊन भेस्तानला लग्नाला गेले. परत आले तर बाहेरच्या दाराला आतून कडी. बेल वाजवली, दार बडवलं, हाका मारल्या. सगळा मजला गोळा झाला. हेमराज रडकुंडीला आला. "माय, बरी शे ना?"

"बरी शे. बठेल शे," आतून आवाज आला.

"मग दार उघड ना."

"मन्ही खोलीनं दार आते लागत नही, भाऊ. मंग हाई बाहेरनंच दार लावनं पडस. थांबा थोडं."

हेमराज लग्नातल्या कपड्यांनिशी जिन्याच्या पायरीवर बसला. त्याला पाणी कुणी विचारलं नाही. मीही नाही.