त्याच्या वाटणीच्या गोळ्या

आमच्याकडे हळदीला बायका जी गाणी म्हणतात ती कागदावर उतरवायची माझी छाती नाही. नवऱ्याचं काय, नवरीचं काय, सगळं टाळ्या पिटून, गावाला ऐकू जाईल असं. माझी चुलत सासू त्यात सगळ्यांत पुढे. तिनं तोंड उघडलं की पुरुषसुद्धा मांडवातून सटकायचे. म्हणून मला वाटलं, इतकी मोकळी बाई आहे, हिलाच विचारावं. लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

ओढ्यावर आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, ‘काकी, माझ्या अंगावरून जातंय. खाज येते. आन ते जवळ आले का आग होते निसती.’

तिनं पदर तोंडाला लावला. ‘असला बोलतात का गो? सुनंनी असला बोलायचा नसतो.’ मग जाता जाता म्हणाली, ‘उष्ण खाल्ला असशील. तुरटीच्या पान्यानं धू.’

धुतलं. आग दुप्पट झाली.

मी वैशाखऱ्याची, माळशेजच्या रस्त्यावरची. दिली डोळखांबकडच्या एका पाड्यात. नव्वदीची सुरुवात होती. नवरा शहापूर-डोळखांब जीप चालवायचा. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे सांगायला मला जड जाईल. शहापूरहून तो पेपरात बांधलेले गरम वडे आणायचा आणि आईला दिसू नयेत म्हणून परसात बोलावून माझ्या हातात द्यायचा. मी खात असताना उभा राहून बघायचा. त्या वड्यांसाठी मी त्याच्या जीपचा आवाज ओळखायला शिकले होते.

पण दुखणं वाढलं आणि वास यायला लागला. वासानं माणूस आतून खचतो. मी दोनदोनदा अंघोळ करायची, जीपमध्ये कडेला बसायची, बायका जवळ आल्या की उठून काहीतरी काम काढायची. सासूनं माझी गोधडी वेगळी धुवायला सांगितली. मला खात्रीच पटली की माझं अंगच नासकं आहे, देवानं मला तसंच बनवून पाठवलंय. नवरा जवळ आला की मी दात आवळून पडायची, नाहीतर भिंतीकडे तोंड फिरवायची. एकदा त्यानं विचारलं, ‘कोनाची आठवन येते का तुला?’

शेवटी दाताचं निमित्त काढून शहापूरला गेले. एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि साध्या आवाजात म्हणाल्या, ‘तुझ्या अंगात घाण काही नाही. आजार आहे, बरा होतो. पण औषध दोघांनी घ्यायचं. पुरुषाला दिसत नाही, दुखत नाही, पण त्याच्यात असतं. तू एकटी बरी झालीस तर त्याच्याकडून परत येणार.’ दोन पुड्या दिल्या, एक माझी, एक त्याची. त्यानं घेतल्या नाहीत तोवर जवळ जायचं नाही. आणि गोळ्या चालू असताना दारू अजिबात नाही, ओकून ओकून माणूस आडवा होतो. हे त्यांनी माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

परत येताना मी जीपमध्ये दोन बायकांच्या मध्ये बसले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

नवऱ्यानं पुडी बघितली आणि तोंडच फिरवलं. ‘मला काय झालाय? तुझा रोग, तू खा.’ मी माझ्या खाल्ल्या, बरी झाले. मग तो जवळ आला, मी नाही म्हटलं नाही, आणि होळीच्या आधी सगळं परत सुरू. पुन्हा दाताचं निमित्त, पुन्हा त्याच बाई, पुन्हा दोन पुड्या. या वेळी मी घरी येऊन गोधडी उचलली आणि चुलीजवळ टाकली. त्याला म्हटलं, ‘गोळ्या घ्या. मग येते.’

कुठून आलं होतं एवढं बळ, मला आजही ठाऊक नाही. सासू टोमणे मारायची, तो जेवताना ताट आपटायचा, वडे बंद झाले. मी हलले नाही.

आणि धुळवडीच्या सकाळी तो आपण होऊन चुलीपाशी आला. ‘कुठाय ती तुझी पुडी?’

मी म्हटलं, ‘आज नको. आज तुमी पिनार.’

‘नाय पीत गो. तुझी शपथ.’

मी पाण्याचा तांब्या आणला. त्यानं सगळ्या गोळ्या एकदम गिळल्या, कडू तोंड केलं आणि हातातला गुलाल माझ्या गालाला लावला. चुलत सासू तेव्हा दारात उभी होती. मला तिची लाजसुद्धा वाटली नाही, इतकी मी खूश होते.

दुपारी सोबत्यांनी त्याला प्यायला धरून नेलं. शपथ तिकडेच कुठेतरी सांडली असणार. उन्हं कलायच्या आत त्याला अंगणात आणून टाकलं. तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, ओकाऱ्या थांबत नाहीत. सासूनं हंबरडा फोडला. आणि चुलत सासू पुढे होऊन म्हणाली, ‘मी बघितला. सकाळी हिनं पुडीतना काय तरी काढून दिला त्याला.’ रिकामी पुडी चुलीजवळ सापडलीच. वीख घातलं, असं झालं. मी ओरडून सांगत होते की डॉक्टरच्या गोळ्या आहेत, गोळ्यांवर दारू प्यालेत, पण ऐकतो कोण. दुसऱ्या दिवशी तो उठून पेज प्यायला, तरी वीख ते वीखच राहिलं.

मग आमच्या अंगणात जातीची बैठक बसली. वैशाखऱ्याहून माझा बाप आणि चुलता आले. पुरुष घोंगड्यांवर, बायका पडवीत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘कसल्या गोळ्या दिल्यास?’

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं एकच वाक्य बोलायचं होतं. गोळ्या मीच मागून घेतल्या, एवढंच. बाकीचं मी सांभाळलं असतं. तो खाली वाकून चपलेचा चिखल काडीनं काढत होता. फार मन लावून काढत होता. ती काडी मला अजून दिसते आणि अजून माझ्या हातापायांची आग होते.

म्हाताऱ्यानं परत विचारलं, ‘तो बरा हाय, त्याला गोळ्या कशाला?’

मग मी बोलले. सगळं बोलले. ‘माझ्या अंगावरून जातंय. आग होते, वास येतो. डॉक्टरीण म्हनाली ते यांच्यात पन हाय आन यांच्याकडनं मला परत येतंय. म्हनून दोघांच्या गोळ्या. यांनी शपथ घेऊन खाल्ल्या आन वर दारू प्याले. आता इचारा त्यांना.’

कुणी विचारलं नाही. पडवीत चुलत सासूनं, नवऱ्यामुलाच्या लंगोटापर्यंत गाणी नेणाऱ्या त्या बाईनं, डोक्यावरून पदर ओढला. म्हातारा उठून तंबाखू थुंकून आला आणि माझ्या बापाला म्हणाला, ‘घेऊन जा तुमची पोरगी. चारचौघांत असला बोलनारी बाई आमाला घरात नको.’ विखाची गोष्ट त्यानंतर कुणी काढलीसुद्धा नाही. गरजच उरली नव्हती.

परतीच्या वाटेवर बाप म्हणाला, ‘वीख घातला म्हनून कबूल झाली असतीस तं बरा झाला असता गो.’

बापाला मी माफ केलेलं नाही. तो गेला तेव्हा रडले, पण माफ केलेलं नाही.

पुढे मुरबाडला आले. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आया म्हणून लागले, स्टँडच्या मागे खोली घेतली. माझं दुखणं एका पुडीत गेलं आणि परत आलं नाही, कारण परत द्यायला कुणी नव्हतंच. दवाखान्यात बाया कुठून कुठून यायच्या. बाई आत सांगायच्या, त्या मान हलवायच्या आणि बाहेर येऊन मला विचारायच्या, ‘काय म्हनल्या गो ताई?’ मग मी बाकावर बसवून सांगायची. वास येतो म्हणून लांब उभी राहणारीला आधी हाताला धरून जवळ घ्यायची. गोळ्या दोघांनी खायच्या. दारू नाही. तुरटी नाही, चुना नाही, कुणी काही सांगेल ते नाही. दुखत असेल तर दुखतंय म्हणायचं, दात आवळायचे नाहीत. नवरा गोळ्या घेत नसेल तर गोधडी वेगळी. बाया तोंड दाबून हसायच्या. काही ऐकायच्या, बऱ्याच ऐकायच्या नाहीत.

नवीन शतक लागून गेलं होतं तेव्हा एक लहानशी बाई आली, विशी ओलांडली असेल नसेल. बाकाच्या अगदी टोकाला बसली. मी तिला जवळ ओढलं, दोन्ही पुड्या हातात दिल्या, नेहमीचं सांगितलं. कुठली, विचारलं तर म्हणाली, डोळखांबकडची. शहापूरला कुणी ओळखीचं बघेल म्हणून एवढ्या लांब आली होती. पाड्याचं नाव सांगितलं. नवरा काय करतो, विचारलं.

‘जीप चालवतात.’

तोच पाडा, तीच जीप. तरी तोंडातून नेहमीचंच निघालं, ‘त्यांना सांग, गोळ्या दोघांनी खायच्या.’

‘ते नाय खायचे ताई. त्यांची पयली बायको होती, तिनं गोळ्यांतना वीख घातला होता त्यांना. तवापासून ते कसल्याच गोळीला हात लावत नायत. तापाची पन नाय घेत.’

‘कोन म्हनतं असं?’

‘त्यांनीच सांगितला. मरता मरता वाचले म्हनं.’

तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयी दया होती. मला वाटलं तिचे खांदे धरून गदागदा हलवावं आणि ओरडून सांगावं, ती मीच, आणि वीखबीख काही नव्हतं. पण मी सांगितलं असतं तर मी दिलेली तिची पुडीसुद्धा तिनं टाकून दिली असती. एकदा खरं बोलून मी घर घालवलं होतं. या वेळी बोलले असते तर तिचं दुखणं तिच्यापाशीच राहिलं असतं. मी गप्प बसले. त्याच्यासारखीच, खाली मान घालून.

तिनं एक पुडी पदराच्या टोकाला बांधली. दुसरी बाकावर ठेवली, अगदी अलगद. ‘ही र्‍हाऊ द्या ताई, फुकट जायची,’ म्हणाली आणि स्टँडकडे निघाली. ती वळून दिसेनाशी झाल्यावर मी ती पुडी उचलली आणि खणात परत ठेवली.