पाहण्याचं काम माझं होतं

साठ सालच्या सुमारास मी पुण्यातल्या एका फ्लाइंग क्लबात शिकवत होतो. विमान दोन उघड्या जागांचं, एकामागे एक. बाहेर न पाहता नुसत्या यंत्रांच्या काट्यांवर उडायला शिकवायचं असलं की मागच्या जागेवर कॅनव्हासचा हूड ओढायचा. मग विद्यार्थ्याला ना आभाळ दिसे ना जमीन. पुढे बसलेला शिक्षक रबरी नळीतून सांगेल तसं त्याने विमान न्यायचं. बाहेर पाहायचं काम शिक्षकाचं.

या सरावासाठी आम्ही मुळशीकडे जायचो. तिकडे दुसरी विमानं क्वचितच येत.

माझा एक विद्यार्थी साताऱ्याकडच्या मास्तरांचा मुलगा होता. विशीतला, अबोल, सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळणारा. त्या मार्चमध्ये मला एका विमान कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. सोबत अनुभवाचा तपशील लिहून न्यायचा होता. एके सकाळी विद्यार्थी हूडखाली असताना मी तो मसुदा मांडीवर घेऊन खाडाखोड करत होतो. तो नीट उडवत होता, म्हणून मला तेवढी मोकळीक वाटली.

"आता खाली ये, अठ्ठावीसशे फुटांवर," मी नळीतून म्हणालो.

"अठ्ठावीसशे, सर?"

"हो."

मला म्हणायचं होतं अडतीसशे. त्याने विचारलं तेव्हाही माझं लक्ष कागदावर होतं. मान वर केली तेव्हा डोंगराच्या उतारावर आमच्याच विमानाची सावली दिसली, नको इतकी मोठी. मी दांडी ओढली. खाली एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली होती. तिने वर पाहिलं, मोळी टाकली आणि बांधावरून खाली उडी घेतली. आम्ही तिच्यावरून निघून गेलो.

"काय झालं, सर?" मागून आवाज आला.

"उंची घालवलीस तू. अडतीसशे सांगितलं होतं."

हे मी विचार करून बोललो नाही, पण नंतर विचार करूनही ते मागे घेतलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सॉरी सर, माझ्या ऐकण्यात चूक झाली."

उतरल्यावर मी अहवालात तसंच लिहिलं. त्याचं एकट्याने उडणं बंद झालं. मुख्य प्रशिक्षकांनी त्याला बोलावून कान तपासून घ्यायला सांगितलं, आणि तो खरोखर डॉक्टरांकडे जाऊन आला. कान ठीक होते, याचं त्याला अधिकच वाईट वाटलं.

चार दिवसांनी पौडहून निरोप आला, की त्या बाईचं मनगट मोडलंय. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, मी जाऊन माफी मागतो. तुम्ही याल का?" नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

एसटीने पौडपर्यंत आणि पुढे पायवाटेने आम्ही गेलो. बाई अंगणात बसली होती. हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. दुसऱ्या हाताने ती सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती. विद्यार्थ्याने नमस्कार केला.

"मावशी, विमान मी चालवत होतो. माझी चूक झाली."

"इतक्या खाली आलासा. मी दिसले न्हाई व्हय?"

"नाही. शिकताना आमच्यावर कापड ओढतात. बाहेरचं काही दिसत नाही."

तिने सूप खाली ठेवलं. त्याच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे.

"आन् मग बघत कोन हुतं?"

"मी," मी म्हणालो.

तिला तेवढंच हवं होतं. तिने मान हलवली आणि आतल्या सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा घेताना विद्यार्थी खाली पाहत होता.

परतीच्या वाटेवर पौडचा रस्ता लागला. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही अठ्ठावीसशेच म्हणाला होतात ना?"

"हो."

"मी परत विचारलं होतं."

"हो, विचारलं होतंस."

एसटीत जागा होत्या, तरी तो मागे जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य प्रशिक्षकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. अहवाल माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुमच्या हाताने दुरुस्त करा." मी जुन्या ओळी खोडल्या, खाली खरं लिहिलं, सही केली. त्याचं उडणं पुन्हा सुरू झालं, माझं शिकवणं सहा महिने थांबलं. मुलाखतीला मी गेलो, हा प्रकार सांगितला, आणि त्यांनी मला घेतलं नाही. त्यात अन्याय काहीच नव्हता.

आकड्याची चूक कुणाकडूनही होते, ती मला फार छळत नाही. छळतात ते मधले दिवस. तो रोज हँगरमध्ये येई आणि दुसऱ्या एका मुलाला नळीतून आकडे म्हणायला लावून आपण ऐकत बसे. मी शेजारी इंजिन पुसत असे. एकदा त्याने मला विचारलंही, "सर, आता नीट ऐकू येतंय, नाही?" आणि मी म्हणालो होतो, "सुधारतोयस."

उरलेलं शिक्षण त्याने दुसऱ्या शिक्षकाकडे पुरं केलं. समोर आलो की नमस्कार मात्र तोच आधी करायचा.