गौरीच्या पानातली तंगडी

सुमन, मी गाव सोडलं तेव्हा तू एसटीच्या खिडकीशी रडत उभी होतीस आणि आई मला सांगत होती, "कोणाक उलट बोला नको गो. गप रवलंस तर सुखान नांदतलंस." आता तुझंही लग्न मुंबईत ठरलंय. आई तुलाही तेच सांगणार. म्हणून हे लिहितेय. पाठवायचा धीर होईल की नाही, माहीत नाही.

आई कोंबडा शिजवायची तेव्हा चुलीजवळून हलायची नाही. तंगडीचं मांस हाडावरून वर सरकलं पाहिजे, सांध्यात सुरीचं टोक घातल्यावर पाणी स्वच्छ आलं पाहिजे, मगच टोप उतरायचा. इथे करी रोडला चाळीच्या जागी टॉवर झालाय, किचनमध्ये दोन दारांचा फ्रीज आहे, आणि सासूबाईंना वर तांबडी तर्री दिसली की कोंबडी झाली.

त्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. गणपतीपुढे पडदा ओढतात आणि गौरीच्या पानात वडे आणि कोंबडीची अख्खी तंगडी वाढतात. तोवर टोपातलं चाखायचं नाही, तुकडा मोडायचा नाही. मोडलेलं देवीला चालत नाही म्हणे. गेल्या गौरीला कोंबडी आदल्या दिवशीच आणून फ्रीजरमध्ये टाकली होती. सकाळी बर्फासकट टोपात गेली. मी म्हटलं, "अजून थोडी ठेवूया." सासूबाई म्हणाल्या, "तू नको शिकवू. पाहुणे खोळंबलेत."

नैवेद्य झाला. ती तंगडी प्रसाद म्हणून माझ्या पिंकीच्या ताटात पडली. पोर नुकतीच हॉस्पिटलमधून आली होती. जुलाबांनी नुसती पिळून निघाली होती, सलाईन टोचलेला हात अजून काळानिळा होता. मी तिच्यासाठी तंगडी सोडवायला गेले तर सांधा सुटेना. आत मांस हाडाला चिकटलेलं, बुळबुळीत, आणि लाल पाणी ताटात उतरलं.

"कच्ची आहे," मी म्हटलं. 

"देवीचा प्रसाद कच्चा?" सासूबाई कडाडल्या. "खा गं पिंके, काही होत नाही."

जाऊ हसली. "वहिनी चौथी पास ना, आता डॉक्टर झाल्या."

यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "सणाचा तमाशा करू नकोस. बस खाली."

पिंकीने घास उचलला होता. मी तिच्या हातातून काढून घेतला. मग ताट उचललं, पाहुण्यांपुढची ताटं उचलली आणि सगळे तुकडे परत टोपात टाकून गॅस मोठा केला. सासूबाई ओरडल्या, "देवीचं उष्टं टोपात घालतेस? हात झडतील तुझे!" मी टोपावर झाकण ठेवलं आणि गॅससमोर उभी राहिले. कुणाला बटणाला हात लावू दिला नाही. पाहुणे वडे खाऊन गेले.

कुणी म्हणालं नाही की बरं केलंस. नंतर प्रत्येक तुकडा हाडावरून सुटत होता, तरी सासूबाईंनी सगळा टोप कचऱ्यात ओतायला लावला. त्या दिवसापासून त्या माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. नको तर नको. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीही तेवढंच बोलते.

आईचं ऐकून मी इतकी वर्षं गप राहिले आणि सुखाने नांदले नाही. गावचं घर आता भावाचं आहे, तिथे मी पाहुणी. इथे मी कोण, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. तू घर म्हणजे काय विचारशील तर सुमन, माझं लेकरू काय खाईल हे मी कुणाला न विचारता ठरवेन ती जागा. मला ती कुणी दिली नाही. त्या दिवशी गॅससमोर उभी राहिले तेवढी मी घेतली. तिथून मी आता हलणार नाही.