घड्याळकाकांच्या गॅरेजची पट्टी

एक खिळा विकत घ्यायला कुणी दुकानात येतं का? सांगा ना! आमचं खिळे-रंगाचं दुकान, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं. खिळे आम्ही वजनावर देतो. पण समोरच्या घरातले घड्याळकाका रस्ता ओलांडून यायचे, काउंटरवर दोन बोटं टेकवायचे आणि म्हणायचे, "एक दीड इंची दे गं." अर्ध्या तासानं पुन्हा हजर. "अजून एक."

"अहो काका, मूठभर घेऊन जा की एकदाच! मला काय दुसरी कामं नाहीत?"

"लागेल तेवढंच घ्यावं," असं म्हणून ते उभेच राहायचे. मग मी स्टूल पुढे सरकवायची, मग चहा यायचा. मी बोलायला तिखट आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण एवढी काही मी मठ्ठ नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची सवयच होती.

काका म्हणजे आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. एका इमारतीच्या जिन्याखाली, पाठ धड सरळ करता येणार नाही एवढ्याशा जागेत, बेचाळीस वर्षं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. माणसांशी बोलायचं खातं काकूंकडे. गिऱ्हाईक आलं की काकू बोलणार, पाहुणे आले की काकू बोलणार. मुलीचा फोन आला की काकू तासभर बोलायच्या आणि शेवटी विचारायच्या, "बाबांना देऊ का?" काका लांबूनच हात हलवायचे. बरा आहे म्हणून सांग. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि त्या घरातलं बोलणंच गेलं. आता फोन काकाच उचलतात, पण "बरा आहे" च्या पुढे गाडी सरकत नाही.

गॅरेजमधली गाडी कधीच विकली. तिथं त्यांनी आपलं टेबल मांडलं आणि दोन फळ्यांचं ते मोठं लाकडी दार सताड उघडं टाकून बसायला लागले. आजकाल घड्याळ दुरुस्त करतंय कोण? पण जाणारं-येणारं माणूस दिसतं, तेवढाच विरंगुळा.

त्या दाराच्या चौकटीवर बाहेरून तिन्ही बाजूंना लाकडी पट्टी आहे. वरची पन्हाळ फुटलेली, त्यामुळे पाणी नेमकं उजव्या कोपऱ्यात गळायचं आणि ती पट्टी खालून कुजत चाललेली. काका काय करायचे? दरवर्षी वरून रंगाचा हात. बाहेरून चकाचक, आतून नुसता भुसा. मागच्या महिन्यात मुलगी आली होती. दार लावताना तिनं पट्टीवर हात टेकला तर अंगठा सरळ आत गेला.

"बाबा, हे घर एक दिवस तुमच्या अंगावर येईल," ती म्हणाली. रस्त्यातच म्हणाली, मी दुकानातून सगळं ऐकत होते. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येणार आहे. तोवर हे असंच राहिलं, तर तुमचं काही ऐकणार नाही. सरळ उचलून आमच्याकडे नेणार. मागची खोली रिकामी करून ठेवलीय मी."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती गेल्यावर तणतणत दुकानात आले. "उचलून न्यायला मी काय कपाट आहे? दाखवतोच तिला. अजून हात चालतायत माझे."

"बरोबर आहे! तुम्ही कशाला कुणाच्या घरी जायचं?" मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, त्यांना चढवलं मीच.

रविवारच्या आधीच्या सोमवारी काम सुरू झालं. बुधवारी दुपारी मी डोकावले तर काका जमिनीवर पालथे, डोळ्याला भिंग, हातात घड्याळाचा चिमटा. कुजलेलं लाकूड कणाकणानं वेचत होते. दोन दिवसांत एक काडेपेटी भरली होती.

"काका, दाढ किडलीय का लाकडाची, कोरून भरायला? कापा तो तुकडा!"

"चांगलं लाकूड उगीच जाईल."

"जाऊ दे!" मी त्यांचा पेचकस घेतला आणि पट्टीत खुपसत वर गेले. जिथं तो आत जायचा थांबला, त्याच्या वर चार बोटं पेन्सिलीनं तिरकी रेघ मारली. तिरकी अशासाठी, की सांध्यावर पाणी थांबू नये. काकांनी करवत अशी धरली, जशी काही माणसावरच चालवायचीय. पण कापलं बिचाऱ्यांनी. पन्हाळीचं भोकही बुजवलं.

गुरुवारी मी माल आणायला बाहेरगावी गेले आणि तिथंच घोटाळा झाला. घड्याळवाल्याला मोकळी जागा सहन होते होय? काकांनी नवा तुकडा असा बसवला की केस आत जाणार नाही. खाली फरशीला टेकलेला, बाजूला दाराच्या फळीला भिडलेला. उघड्या लाकडाला ना रंग, ना काही. दिसायला इतकं सुबक, की बघत राहावं. मग शुक्रवारी सकाळी, लेक येणार म्हणून, रस्त्यावर शिंतोडे नकोत म्हणत आतून दार ओढून त्यांनी गॅरेजची फरशी बादल्या ओतून धुतली. लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, आणि दार जाम! घरातून गॅरेजमध्ये यायला दुसरी वाट नाही. काका आत.

मला पत्ताच नाही. दुपारी दोन वाजले, एक खिळा न्यायलाही माणूस आला नाही, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. जाऊन दारावर थाप मारली. आतून शांतपणे आवाज आला, "कोण आहे?"

कडीला धरून, भिंतीला पाय देऊन ओढलं, तेव्हा दार उघडलं एकदाचं. काका ओल्या फरशीवर खुर्चीत बसले होते, पाय वर घेऊन.

"किती वेळ झाला?"

"नऊ वाजल्यापासून."

"अहो, मग हाक नाही का मारायची? मी समोर मेले होते का?"

"कुणाला मारू? हाका मारायला तुझी काकू होती," ते म्हणाले.

खिशात फोन दिसत होता. मी म्हटलं, निदान मुलीला तरी फोन करायचा.

"केला होता. तिनं विचारलं, कसे आहात बाबा? म्हटलं, बरा आहे. मग तीही म्हणाली, बरं, ठेवते." आणि लगेच माझा हात धरला. "हे तिला सांगायचं नाही हं. शपथ आहे तुला."

मला रडू आलं आणि रागही आला. रागच मला जास्त जमतो, म्हणून मी त्यांना झापलं. लाकडाला फुगायला जागा लागते, काका! सूतभर फट बाजूला, बोटभर खाली. अति तिथं माती, एवढं साधं कळत नाही? ते मान खाली घालून ऐकत होते. मग दोघांनी तुकडा काढला, वाळवला, रंधा मारला, सगळ्या बाजूंना प्रायमर लावून पुन्हा ठोकला. सांध्यात लांबीचा लगदा भरला, पॉलिश पेपर घासला, रंग दिला. शनिवारी संध्याकाळी दार एका बोटानं उघडत होतं. काका तीनदा उघडून बघून आले.

रविवारी मुलगी आली. आल्या आल्या पट्टीवर अंगठा दाबत खालपासून वरपर्यंत गेली. दुसरी बाजू, तिसरी बाजू. दार उघडलं, लावलं.

"सुतार बोलावला होता ना?"

"मीच केलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "खरंच, ताई?"

त्या वेळी माझ्या जिभेवर शुक्रवार आला होता, देवाशप्पथ. पण काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "खरंच गं. सगळं त्यांनीच."

पोरीचे डोळे भरून आले. "मी उगीच मागे लागले होते तुमच्या," ती म्हणाली. "रात्र रात्र झोप लागत नव्हती मला. तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहात!" जेवण झालं, भांडी झाली, आणि निघता निघता सहज सांगितल्यासारखं तिनं सांगितलं, "नणंदेला आमच्या गावात नोकरी लागलीय. तुमच्यामुळे तिला थांबवून ठेवलं होतं. आता मागची खोली तिलाच देते. राहील दोन-तीन वर्षं."

"दे की," काका म्हणाले. "चांगलं झालं."

गाडी कोपऱ्यावरून वळली तरी काका फाटकाशीच उभे. मी जवळ गेले. वाटलं होतं, आता म्हणतील, बघ, कशी जिरवली तिची.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला जायचं होतं का हो?"

"छे! कुणी सांगितलं तुला?"

ते रस्त्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "तू गेली होतीस ना गं एकदा तिच्याकडे? त्या मागच्या खोलीला खिडकी आहे का?"

"आहे."

"कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला."

"मग सकाळचं ऊन येत असेल," काका म्हणाले. "मी धरून चाललो होतो, खिडकी उत्तरेला असेल, ऊन काही यायचं नाही. माझं घड्याळांचं टेबल उगीच भिंतीशी लावणार होतो."