मातीनं न खाल्लेलं धोतर

शिवगंगाबाईला कुणी भांडकुदळ म्हटलं तर ती नाकारत नसे. भूकंपात माहेरचं गाव बसलं, तेव्हा पत्र्याच्या शेडात राशनसाठी साहेब लोकांशी भांडता भांडताच ती बोलायला शिकली. पुढं देगलूरकडं नांदायला आल्यावर हाताला लागेल ते छापील वाचत मातीतल्या जिवाणूंबद्दलही शिकली, आणि तिथून गावाच्या डोक्याला ताप सुरू झाला.

तिचं साळीचं वावर खालच्या अंगाला, व्यंकटीचं वर. व्यंकटी तणनाशक मारायचा आणि ते पाणी बांधावरून हिच्या वावरात उतरायचं.

"अरे, तणासंगं मातीतले बारीक जीवबी मरत असतील. मग काडीकचरा कुजवायचा कुणी, तू?"

"अक्का, खुरपायला बाया आणून दे," व्यंकटी म्हणायचा. "समद्या लातूरला पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटून राहिल्या. माझं पोरगंबी तिथंच क्लासला. तण काय दातानं उपटू?"

यावर ती जास्तच चिडायची.

शेवटी तिनं पैज लावली. नवऱ्याचं जुनं सुती धोतर फाडून दोन सारखे तुकडे केले. एक स्वतःच्या वावरात पुरला, दुसरा व्यंकटीच्या. खूण म्हणून काठी रोवून लाल दोरा बांधला. जिवंत माती सूत खाते. हिचा तुकडा कुजला आणि त्याचा तसाच राहिला, तर पुढच्या हंगामात बांधाकडच्या पट्ट्याला व्यंकटीनं औषध मारायचं नाही. व्यंकटी "हाव, कबूल" म्हणाला. फक्त घरी बायकोला सांगायचं विसरला.

साळ पोटऱ्यात आली तेव्हा त्याच्या बायकोला, धुरपताबाईला, लाल दोरा दिसला. नेमकी तेव्हाच तिची म्हैस आटली होती आणि लातूरला पोराचे टेस्टचे मार्क उतरले होते. मग आणखी काय पाहिजे? तिनं दोन्ही काठ्या उपटल्या, दोन्ही तुकडे उकरले, पारावर आणून टाकले, वर उतारा म्हणून हळद-कुंकू आणि लिंबू. भानामती सापडली म्हणून गाव गोळा झालं.

शिवगंगा पोचली तेव्हा चिंध्या एका ढिगात पडल्या होत्या. एकीची चाळण झालेली, दुसरी धडधाकट. कुठली कुणाची, हे आता ओळखायचं कसं? महिनाभराची मेहनत पाण्यात.

"पुरलं कुणी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी पुरलं. ह्या शहाण्याला विचारून पुरलं." तिनं व्यंकटीकडं बोट केलं. "बोल की, आता दातखीळ बसली का?"

व्यंकटीनं मान खाजवली. "पैज होती, हे खरं. पण ते फाटकं माझ्याच वावरातलं असंल, अक्का."

"कशाचं फाटकं?" धुरपताबाई नवऱ्यावर उसळली. "आपल्या वावरातलं हे कोरं निघालं. माझ्या हातानं काढलं. अक्काच्या वावरातलं मातीनं खाल्लं, आपल्यातल्याला तोंडबी लावलं न्हाई. म्हणून तर करणी पक्की."

शिवगंगा पारावर टेकलीच. महिनाभर जे तिला सिद्ध करायचं होतं, ते ही बाई करणीचा पुरावा म्हणून ठणकावून सांगत होती.

"तेच गं बाई, तेच सांगून राहिले मी. तुमच्या मातीची भूक मेली."

"मेली तर मारली कुणी?"

"नवऱ्याच्या फवाऱ्याला विचार."

व्यंकटी घाईनं म्हणाला, "पट्टा सोडला, अक्का. औषध न्हाई मारत. तेवढी करणी काढून घे."

गावानं माना डोलावल्या. शिवगंगाचं डोकंच फिरलं. पट्टा मिळाला होता, पण जिवाणूंमुळं नव्हे, तिच्या करणीच्या भीतीनं.

"असला पट्टा तुझ्याच उरावर ठेव," ती म्हणाली. "एका चिंधीनं मीबी म्हणणार न्हाई की औषधानंच झालं. पुन्हा पुरायचं, चार-चार ठिकाणी. आणि ह्या खेपेला धुरपता स्वतःच्या हातानं पुरंल."

बरीच घासाघीस झाली. धुरपताबाई कबूल झाली, पण एका अटीवर.

दुसऱ्या दिवशी दोघी चिखलात उतरल्या. शिवगंगानं उरलेलं धोतर फाडलं, धुरपतानं तुकडे पुरले आणि प्रत्येक काठीला एकेक लिंबू बांधलं. शिवगंगा दात-ओठ खात बघत राहिली.

"बांध, बाई, बांध," ती म्हणाली. "पण उपटू नको."