सहा बोल्टांचा मानाचा बैल

पालमच्या अलीकडच्या एका गावात भुजंग राहतो. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल काढायचा मान त्याच्या घराचा. मान म्हटल्यावर बैल लागतो, एवढी साधी गोष्ट. पण या पठ्ठ्यानं उन्हाळ्यात दोन्ही बैल विकले आणि बापाची जुनी पिकअप पुसत बसला. म्हणे, शेण काढून काढून जीव मेटाकुटीला आला. शेण आजवर त्याच्या बायकोनं, कडूबाईनं काढलं, आणि थकला होता हा.

पोळा जवळ आला तसं पारावर लोक बोलू लागले की मान आता योगीराजला द्या, त्याच्याकडं जोडी हाय. ते भुजंगच्या कानावर गेलं. आज्यापासून चालत आलेला मान आपल्या हातून जातो म्हणजे काय? त्यानं पोलीस पाटील दत्तरावांना गाठलं.

"काका, वझं वाहतंय ते जनावर. माझी पिकअप वझं वाहती. मग तिला का न्हाई मान?"

सणासुदीला तंटा नको म्हणून दत्तराव "बघू, काढ" म्हणाले. हा चार दिवसांत विसरेल असं त्यांना वाटलं. भुजंग विसरतोय व्हय!

मानाचा बैल सजलेला पाहिजे, म्हणून त्यानं परभणीच्या भंगारातून चार रुंद, चकचकीत चाकं आणली. लावायला गेला तर पिकअपला पाच बोल्ट आणि चाकांना सहा भोकं. माणूस चप्पल घेतानासुद्धा पाय घालून बघतो. पण याचं शहाणपण उतू चाललेलं. शेवटी पालमच्या महारुद्र मिस्त्रीनं जाड लोखंडी प्लेटा करून दिल्या. प्लेट गाडीच्या जुन्या पाच बोल्टांवर बसायची आणि चाक प्लेटवरच्या नव्या सहा बोल्टांवर.

"बोल्ट कोरडे ठेवा, तेलबिल लावू नका," महारुद्र म्हणाला. "आन गाडी जरा फिरली की नट परत आवळा."

भुजंगनं मान हलवली. ऐकलं किती, ते देवाला ठाऊक.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात. आता गाडीचा खांदा कोणता? जिथं वझं येतं तो, असं भुजंगनं ठरवलं. चाकं काढली आणि बोल्टांना, नटांना, प्लेटांना लोणी अगदी मायेनं चोळलं. मग चाकं चढवून नट आवळले.

"लोणी पुरणपोळीसाठी ठिवलं हुतं," कडूबाई म्हणाली.

"सणाच्या कामात मधी बोलू नको."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बैल ओढ्यावर धुतले, यानं पिकअप धुतली. परत येताना पुढचं चाक कटकट वाजू लागलं.

"मिस्त्री म्हटला हुता की, नट आवळा म्हणून," दारातून कडूबाई म्हणाली.

"पोळ्याच्या दिवशी जनावराला आसूड लावत न्हाईत, आन मी लोखंडाचा पाना लावू?"

तिनं पुरण वाटायला घेतलं.

संध्याकाळी पिकअपवर झूल पडली, काचेला बाशिंग लागलं. मागं योगीराजची जोडी, तिच्यामागं सगळ्या गावचे बैल, हलगी वाजायली. भुजंग छाती काढून स्टेअरिंगवर बसला. पिकअपचं तोंड तोरणाला लागलं आणि पुढचं डावं चाक बोल्टांवरून निसटून बाजूला गेलं. गाडी वेशीतच गुडघ्यावर बसली.

"मानाचा बैल बसला की हो," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

जॅक चिखलात रुतत होता. ओढायला बैल जुंपावेत तर पोळ्याला बैल जुंपत नाहीत. दत्तरावांनी मावळतीकडं पाहिलं.

"मागच्या बोळीतून घ्या," ते म्हणाले.

योगीराजनं जोडी वळवली. त्याच्यामागं एकेक करत सगळा पोळा मारुतीकडं निघून गेला. हलगीही गेली. भुजंग तसाच स्टेअरिंग धरून बसला. त्याला खरंच रडू येत होतं.

थोड्या वेळानं कडूबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिला पाहून त्याच्या जिवात जीव आला.

"ये, ओवाळ," तो म्हणाला. "काही झालं तरी तोरणाला पहिली आपलीच गाडी लागली. पुढं आपुनच."

"कुणाच्या पुढं?" कडूबाईनं विचारलं, आणि ताट घेऊन ती मागच्या बोळीकडं वळली.