उठा पाव्हणे, चहा संपला!

कबूतर हे शांतीचं प्रतीक आहे, असं सारं जग मानतं. जग आमच्या सोसायटीत राहत नाही.

पिंपळे सौदागरच्या आमच्या इमारतीत दिवस उजाडायचा तो शेजारच्या काकूंच्या ताटाच्या आवाजाने. बाल्कनीत उभ्या राहून त्या उलथन्याने ताट बडवायच्या आणि ओरडायच्या, "उठा पाव्हणे, चहा संपला!" कबुतरं उडायची, एक घिरटी घालायची आणि परत त्याच कठड्यावर बसायची. अशा पाहुण्यांचा अनुभव तुम्हालाही असेलच.

काकू लातूरकडच्या. काकांच्या चाकणच्या नोकरीमागे इकडे आल्या, बोली मात्र तिकडचीच राहिली. कोरड्या खोकल्याने धरलं आणि काही केल्या सोडेना, तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घराजवळ कबुतरं आहेत का?"

"हायेत की. तुमाला पायजेत का?"

डॉक्टर हसले नाहीत. विष्ठा वाळते, तिची आणि पिसांची धूळ श्वासातून आत जाते, आणि काहींची फुप्फुसं त्या धुळीशी भांडता भांडता घट्ट होतात. एकदा झाली की पुन्हा मऊ होत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. जमलं तर घर बदला, म्हणाले.

"मी का बदलू? घर माझ्या नावावर हाय, कबुतराच्या न्हाई."

तेव्हापासून काका मास्क लावून विष्ठेवर आधी पाणी ओतायचे, मगच पुसायचे. काकू बंद काचेआडून ताट वाजवायच्या.

पण कबुतरं येत होती ती गच्चीवरच्या ज्वारीला. ती रोज सकाळी आमचे अध्यक्ष टाकत. महाळुंग्याच्या एका कंपनीत ते कामगार-सुरक्षा विभागाचे प्रमुख. काकूंनी त्यांना लिफ्टमध्ये गाठलं.

"कंपनीत धुळीला मास्क लावायला सांगता, अन् हितं धुळीला दाणे घालता व्हय?"

"काकू, मुक्या जीवांना घातलं की पुण्य लागतं."

"मी बोलती म्हणून माझ्यात पुण्य न्हाई का?"

वार्षिक सभेत गच्चीवर कबुतरांना दाणे टाकायला संगमरवरी चबुतरा बांधण्याचा ठराव आला. काकू आल्या त्या नाकात नळी घालून. मागून काका ऑक्सिजनचं यंत्र ओढत होते. अध्यक्ष भूतदयेवर बराच वेळ बोलले. मग काकू म्हणाल्या, "खुशाल बांधा. पण वर माझं नाव घाला. मेल्यावर घालणारच असाल, तर आत्ताच घाला. मला वाचता येईल."

ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. ज्वारी चालू राहिली. काकूंचं ताटही चालू राहिलं, फक्त आता त्या स्टुलावर बसून वाजवायच्या. पुढच्या सभेला काकू नव्हत्या.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंड मांडले. कावळा शिवेना. काकांनी हात जोडले, "गोळ्या वेळेवर घेईन गं." कावळा नाही. "लेकीकडे जाऊन राहीन." तरी नाही. मग काहीही न ठरवता सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी सदरा सावरला, पुढे आले आणि हळूच म्हणाले, "काकू, ज्वारी बंद. चबुतराही नाही."

कावळा उतरला आणि शिवला. काका ओक्साबोक्शी रडले.

अध्यक्षांनी शब्द पाळला. गच्चीला जाळी लागली, आता तिथे पापड वाळतात. काकूंनी मेल्यावरही ठराव हाणून पाडला, असं सोसायटीत अजून भक्तिभावाने सांगतात.

मी तिथेच उभा होतो. त्या सकाळी घाटावर बऱ्याच घरांचे पिंड ओळीने मांडलेले होते. कावळा एकच होता, आणि तो एका टोकापासून क्रमाने येत होता.